बाभळीची मूठ आणि उडदाचा दाणा

गुरुजी, मी पिस्तूल चालवतो. आधी बसून घ्या. जवळ पाट नसेल तर भिंतीला टेका, पण उभ्यानं वाचू नका. संस्कृतचा मास्तर आणि पिस्तूल हा समास तुमच्या कानाला खटकणार हे मला ठाऊक आहे. विग्रह सांगतो, जरा धीर धरा. आणि नेहमीसारखं मधेच ‘पुढे?’ म्हणू नका. आज मला घाईच इतकी झाली आहे की तुम्ही ढकललंत तर मी थेट शेवटावर जाऊन आदळेन.

गोरा साहेब गेला हे तुम्हांला वरती कुणी ना कुणी सांगितलं असेलच. तुम्ही गेलात तेव्हा तो इथेच होता आणि जाण्याची काही लक्षणं दिसत नव्हती. पुढे गेला. जाताना जळगावचा बंगला, बाग, दोन कुत्री आणि एक बावीस बोअरचं जर्मन पिस्तूल मागे ठेवून गेला. बंगल्यात कचेरी आली, बागेत बकऱ्या आल्या, कुत्र्यांचं काय झालं कळलं नाही, आणि पिस्तूल गावच्या नेमबाजी क्लबाकडे आलं. मी त्या क्लबात कसा, हे विचाराल. स्वराज्य आल्यावर शाळेत पोरांची कवायतीची तुकडी निघाली. तिला एक मास्तर हवा होता. गणिताचे मास्तर कामात, इंग्रजीचे त्याहून कामात. संस्कृतचे तास तेवढे कमी झालेले. हेडमास्तरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी घरातली बाई रिकाम्या हंड्याकडे पाहते. महिनाभरात मी खाकी अर्धी विजार घालून चांदमारीच्या मैदानावर पोरांना ‘सावधान’ म्हणत होतो, आणि एका सकाळी वेळ जात नाही म्हणून मीच एक गोळी झाडून पाहिली. ती मधोमध बसली. गुरुजी, चाळिशी उलटल्यावर माणसाला स्वतःविषयी नवीन असं काही कळतच नाही. मला कळलं. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यानं चक्क शीळ घातली, आणि समोरून येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी घाबरून नमस्कार केला.

कुणाला मारतोस, असं विचारू नका. पंचवीस यार्डांवर एक पुठ्ठा असतो, पुठ्ठ्यावर काळं वर्तुळ. एका हातानं पिस्तूल धरायचं, हात सरळ पुढे, श्वास आवरायचा, आणि घोडा असा हळू दाबायचा की गोळी सुटली हे आपल्यालाही नंतर कळावं. यात हिंसा फक्त पुठ्ठ्याची होते. बाकी सगळा हाताचा खेळ आहे. आणि हात म्हटला की तुम्ही आलातच.

धुळ्याची ती पहाट मला आजही जशीच्या तशी दिसते. पांझरेवरून गार वारा येतोय, पाठशाळेच्या ओसरीवर आम्ही पोरं ओळीनं बसलोय, उजवा हात पुढे. तळवा गाईच्या कानासारखा, बोटं जुळलेली, अंगठा लगत, मध्ये खळगा. वेद म्हणताना प्रत्येक स्वर हातानं दाखवायचा: उदात्ताला हात वर, अनुदात्ताला खाली, स्वरिताला बाजूला. जीभ चुकली तर तुम्ही एखाद वेळी ऐकून घेता. हात चुकला तर नाही. आचमनाला तळव्यावर पाणी किती घ्यायचं? उडदाचा दाणा बुडेल इतकं. हे माप सगळ्या शास्त्रीमंडळींना पाठ असतं, पण खरोखरचा उडदाचा दाणा पोरांच्या तळव्यावर ठेवून अख्खा पाठ हातवाऱ्यांसकट म्हणायला लावणारे तुम्ही एकटेच. दाणा पडला की पुन्हा पहिल्यापासून. पडू नये म्हणून कुणी हळूच मूठ आवळली, तर तुम्हांला पाठमोरे असतानाही कळायचं. ‘दाणा धरायचा नाही रे,’ तुम्ही म्हणायचात, ‘दाण्याला बसू द्यायचं.’ माझा दाणा सगळ्यांत जास्त वेळा पडला. वडील चौकशीला आले तेव्हा तुम्ही माझ्यादेखत म्हणालात, ‘मुलगा बुद्धीनं बरा आहे. हात मात्र लाकूड आहे.’ वडिलांना ते बोलणं इतकं आवडलं की घरी माझ्या हातून ताक सांडलं तरी ते तुमचा दाखला द्यायचे.

आणि निरोपाच्या दिवशी बाकीच्यांना पोथ्या दिल्यात, मला उडदाचा एक दाणा. ‘याचा उपयोग होईल तेव्हा होईल,’ म्हणालात. मी तो उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधला. पुढे त्याचं काय झालं हे विचारू नका. उपरणं धोब्याकडे जातं, गुरुजी.

तर पिस्तुलाची मूठ. पोलादी सांगाड्याला दोन अंगांनी दोन फळ्या स्क्रूनं बसवलेल्या असतात. हातात येतात त्या या फळ्या. साहेबाच्या फळ्या काळ्या, कडक आणि त्याच्या पंजाच्या मापाच्या होत्या. त्याचा पंजा सुपाएवढा असावा. या चैत्रात उन्हानं की वयानं कोण जाणे, त्यातली एक उभी तडकली आणि तिची कड माझ्या तळव्यात रुतू लागली. मुंबईच्या बंदूकवाल्याला लिहिलं. उत्तर आलं की तसल्या मुठी परदेशातून मागवाव्या लागतील, त्याला परवाना लागेल, आणि त्या येईपर्यंत मी पेन्शनीत गेलेला असेन. शेवटचं त्यांनी लिहिलं नव्हतं, मी अध्याहृत धरलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात धुळ्याचं आव्हान आलं. पूर्व खानदेश विरुद्ध पश्चिम खानदेश, बंदूक आणि पिस्तूल दोन्ही, सामना धुळ्यात. धुळ्यात, गुरुजी! जिथे माझ्या हाताचं लाकूड झालं त्या गावात! मी त्या रात्री जेवलो की नाही ते आठवत नाही. पण पिस्तुलाला आमच्याकडून माणूस एकच जाणार होता आणि उमेदवार दोन होते: मी, आणि मामलेदार कचेरीतला एक तरुण कारकून, ज्याची नेमबाजी त्याच्या अक्षरासारखी होती, सुंदर नव्हे, पण एका ओळीत. क्लबाचे चिटणीस वकील आहेत. माझा पुठ्ठा त्यांनी उजेडाकडे धरून उलटतपासणी घेतली. “मास्तर, तुमच्या गोळ्या वर जातात, खाली जातात, एखादी बाजूला जाते. मधे कुणी राहतच नाही. मी आणखी थोडे दिवस थांबतो. शाळेला सुट्टी लागेपर्यंत ही मंडळी एका घरात नांदायला लागली तर तुम्ही जा. नाही तर त्या पोराला पाठवतो. मग रागवायचं नाही.”

“मूठ तडकलेली आहे, वकीलसाहेब.”

हे चोपड्याच्या आबांनी ऐकलं. आबा म्हणजे केळी-कपाशीचे बागाईतदार, पिकात शिरणाऱ्या रानडुकरांवर बंदुकीचा हात बसलेला, क्लबात बंदुकीतले पहिले. वकिलांचीच तक्रार त्यांनी अहिराणीत केली, पुठ्ठा माझ्या नाकासमोर नाचवत. “हाई काय शे, मास्तर? बठ्ठ्या गोया वर, नही तं खाले! मझारमा एक बी नही? मूठ तडकेल शे का मास्तर तडकेल शे?”

मी मूठ बदलायचीच असं ठरवलं. आमच्या पेठेत एक म्हातारे खरादी आहेत, पलंगाचे खूर, लाटणी, पाळण्याच्या दांड्या करणारे. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. माणूस गोड, पण हातात लाकूड आलं की त्यात त्यांना गिऱ्हाईक दिसत नाही, फक्त स्वतःची कीर्ती दिसते. पहिली अडचण अशी की पिस्तूल पोलीस लाइनीतल्या शस्त्रकोठीत राहतं आणि बाहेर काढता येत नाही. तिथल्या हवालदारानं मला कागदावर सांगाड्याची आकृती काढू दिली, तीही पेन्सिल आपल्या नजरेसमोर ठेवून. “आकृती न्या. वस्तू नाही.” त्या आकृतीवरून चाचांनी सांगाड्याएवढा लाकडी ठोकळा केला, त्यावर शिसवीच्या फळ्या चढवल्या, आणि वर लाखेचा असा हात फिरवला की त्यात मला माझी टोपी दिसली.

“देखो मास्तर, क्या चमक है! साहब लोग के दस्ते में ऐसी चमक थी?”

नव्हती. त्यामुळे साहेबाच्या हातातून पिस्तूल निसटत नसावं. वैशाखातला जळगावचा घाम तुम्हांला माहीत आहे. तिसऱ्या गोळीला ती शिसवी मूठ माझ्या हातात साबणासारखी फिरली. मी परत गेलो. चाचांनी ते मनाला लावून घेतलं आणि दुसरी मूठ अंजनाची केली. लोखंडासारखं जड लाकूड, पटाशीचं तोंड मोडलं म्हणून अर्धा तास माझ्याच पूर्वजांची चौकशी, आणि हात सरकू नये म्हणून वर चौकटी चरे असे धारदार पाडले की चार फैरी झाल्यावर माझ्या तळव्यावर पंचांग छापल्यासारखं दिसायला लागलं. पण गोळ्या? वर, खाली, एखादी बाजूला. मुठी दोन झाल्या, लाकडं दोन झाली, भांडणं दोन झाली, आणि पुठ्ठा तोच. तो कारकून मात्र रोज आपल्या त्या सरळ ओळी काढत होता आणि वर मला विचारत होता, “सर, आपली मूठ कशी आहे?” जणू घरातल्या आजाऱ्याची चौकशी.

मग एका दुपारी घरातच खटला निकालात निघाला. मी मागच्या खोलीत हात बसवत होतो. हातात कोळशाची इस्त्री, अर्थात थंड. हात सरळ, समोर भिंतीतला खिळा. ही पिस्तूलवाल्यांची जुनी युक्ती आहे, वजनाची सवय होते. आमच्या घरच्या, म्हणजे माझी पत्नी, दारात सूप घेऊन उडदाची डाळ निवडत बसल्या होत्या, कारण पापडांचे दिवस होते. बराच वेळ त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “इस्त्री पूजेला बसलीय का?”

“म्हणजे?”

“वर जाते, खाली येते, मग अशी कडेला जाते. जरा जराशीच. पण नेमानं.” त्यांनी सूप खाली ठेवलं. “आपल्या लग्नात धुळ्याहून तुमचे गुरुजी आले होते ना? आशीर्वादाचे मंत्र म्हणताना ते हात असाच करायचे. मी मान खाली घालून बसले होते, मला तेवढा हातच दिसत होता.”

गुरुजी, इस्त्री माझ्या पायावर पडायची राहिली. मी काय करत होतो सांगू? नेम धरताना मन सैरभैर होऊ नये म्हणून मी मनातल्या मनात पाठ म्हणत होतो. तोंड बंद, ओठ बंद, कुणाला पत्ता नाही. आणि हात? हात तुमच्या ओसरीवर बसलेला होता. अनुदात्त आला की मनगट केसभर खाली, उदात्ताला केसभर वर, स्वरिताला बाजूला. इथला केस पंचवीस यार्डांवर वीतभर होतो. मी धावत जाऊन कालचा पुठ्ठा काढला. पोथीत अक्षरांच्या डोक्यावर उभ्या रेघा आणि पायाशी आडव्या रेघा असतात ना, तशी भोकं होती. वर, खाली. सगळा पाठ पुठ्ठ्यावर उमटला होता, आणि मी आपला शिसवीला आणि अंजनाला दोष देत हिंडत होतो! मी हसत सुटलो. घरच्या म्हणाल्या, “हसताय काय? थांबवा की तो हात.” आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या.

थांबवा म्हणणं सोपं. मी मनात काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं, तर श्वास लटपटायला लागला आणि गोळी पुठ्ठाच चुकली. धातुरूपं म्हणून पाहिली, तर हात ठेका धरायला लागला. तुम्ही जे इतकी वर्षं टिचकी मारून मारून आत बसवलंत, ते माझ्या सांगण्यानं बाहेर निघायला तयार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्याशी भांडताना मला मनातून धास्तीच वाटत होती. कशाची, ते शेवटी सांगतो.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पापड होते. गल्लीतल्या बायका पोळपाट घेऊन जमलेल्या, उडदाचं पीठ तेल लावून कुटून कुटून घट्ट झालेलं. मला चाचांनी सांगितलंच होतं की हाताचा ठसा आणा, त्यावरून एकदाच काय ते करतो. शाडू मिळत नव्हता, ज्वारीचं पीठ भेगाळत होतं. मी त्या बायकांच्या घोळक्यात जाऊन पापडाच्या पिठाचा गोळा मागितला.

शेजारच्या अक्कांनी लाटणं थांबवलं. “मास्तर, लाटी खायची असंल तर सरळ मागा ना! बंदुकीचं नाव कशाला?”

“पिस्तुलाचं, अक्का.”

“तेच ते. घ्या, पण उरलं तर परत आणू नका. तुमच्या मुठीतला पापड आम्ही नाही खाणार.”

सगळ्या हसल्या. मी तो गोळा चाचांच्या ठोकळ्यावर थापला, अंगणात जाऊन उभा राहिलो, हात पुढे केला आणि कुंपणावरच्या कावळ्यावर नेम धरला. मुद्दाम आवळलं नाही. हाताला हवा तसा बसू दिला. मग बोटं उघडून पाहिलं. पुढे बोटांच्या चार वाटा, वर अंगठ्याची खूण, आणि मधोमध पिठाला एक छोटी टेकडी राहिलेली. तिथे तळवा पिठाला टेकलाच नव्हता. उडदाच्या पिठात, गुरुजी, तुमच्या दाण्याची जागा रिकामी होती. हात इतकी वर्षं ती राखून होता आणि मला कधी बोलला नव्हता.

मी तिथेच अंगणात उभा राहून तुमची ओसरी आठवू लागलो. दाण्यांकडे तुम्ही नेमके कधी पाहायचात? हात हलत असताना नाही. अर्धी ऋचा संपली की अवसान, म्हणजे विराम. हात येऊन थांबतो, श्वास थांबतो, कावळेसुद्धा थांबल्यासारखे वाटतात, आणि त्या थांबण्यात तुमची नजर ओळीवरून फिरते: कुणाचा दाणा आहे, कुणाचा गेला. तिथे हात स्थिर असतोच! तो स्थिर करावा लागत नाही, पाठच त्याला तिथे आणून ठेवतो. मी मूर्खासारखा भर ऋचेत गोळ्या झाडत होतो, आणि तुम्ही मला थांबायची जागा केव्हाच दाखवून ठेवली होती. मी इतक्या मोठ्यानं ‘अवसान!’ म्हणून ओरडलो की अक्कांचा पापड वाकडा लाटला गेला.

आता मूठ कशी हवी ते मला कळलं. चकचकीत नको, धारदार नको, आणि तळवा भरून टाकणारी तर मुळीच नको. मधे खळगा हवा, म्हणजे मूठ आवळावीशीच वाटणार नाही. लाकूड आबांनी दिलं. त्यांच्या मोडक्या वखराचं बाभळीचं रुमणं, म्हणजे हाती धरायचा दांडा, तीन पिढ्यांनी घामेजल्या हातांनी धरून गुळगुळीत केलेलं. घामातच वाढलेलं ते लाकूड हातातून सरकत नाही. आबा म्हणाले, “ल्या मास्तर. वखर तं आते चालत नही, तुमन्या गोया तरी चालोत.” चाचा मात्र टेकडी पाहून खूश झाले आणि ती तशीच्या तशी लाकडात उतरवायला निघाले, म्हणजे तळव्याचा खळगा गच्च भरेल. मी म्हटलं, ती काढा. तिथे खोलगट करा.

“टेकडी कायको काटते? हाथ भरना चाहिये, मास्तर! बीच में खाली दस्ता देखके लोग बोलेंगे, बुढ्ढे की नजर गयी.”

“खाली जागा मला हवी आहे, चाचा.”

“काहे को?”

“उडदाचा दाणा ठेवायला.”

चाचांनी पटाशी खाली ठेवली आणि माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. उन्हाळ्यात कधीकधी माणसाचं असं होतं, असं ते बहुधा मनात म्हणाले. शेवटी तडजोड झाली. खळगा माझ्या मनासारखा, आणि खाली जिथे हात पोचत नाही तिथे त्यांच्या मनासारखी एक कोरलेली कैरी. पोलीस लाइनीत हवालदारानं ती मूठ बसवली, कैरी पाहिली आणि विचारलं, “ही सरकारी आहे का?”

मी डब्यातला उडदाचा एक दाणा खळग्यात ठेवून हात पुढे केला. या वेळी पाठ आवरला नाही, उलट मोकळा सोडला. पहिल्या शब्दाला हात वर, मग ऋचा जशी वळेल तसा, आणि अवसानाला पिस्तूल आपोआप येऊन काळ्या वर्तुळाखाली टेकलं. दाणा तळव्याशी गप्प. घोडा कधी सुटला मला कळलं नाही. वकीलसाहेबांनी पुठ्ठा पाहिला, मला पाहिलं, पुन्हा पुठ्ठा पाहिला. “नांदायला लागली,” एवढंच म्हणाले. कारकुनानं येऊन माझ्याशी हात मिळवला आणि हळूच विचारलं, “सर, ती मूठ कुठून केलीत?”

धुळ्याला आम्ही एस.टी.नं गेलो. एरंडोल, पारोळा, आणि पिस्तुलाची पेटी मांडीवर घेतलेल्या हवालदारासाठी एक अख्खं बाक. सामना सकाळीच, ऊन चढायच्या आत. बंदुकीत धुळ्यानं आम्हांला धुऊन काढलं. आबांच्या बंदुकीचा घोडाच अडकला. त्या सकाळी ते जे बोलले ते कुठल्याही लिपीत लिहिता येणार नाही. म्हणून सगळी मदार पिस्तुलावर आली. माझ्या शेजारी धुळ्याचे एक फौजदार, दगडासारखा हात. मी उभा राहिलो, दाणा ठेवला, पाठ सुरू केला. हात वर गेला, खाली आला, कडेला वळला. पंचांनी मान वळवली.

“हे काय चाललंय?”

वकीलसाहेबांनी डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, “आमच्याकडची पद्धत आहे.”

मग अवसान. मग दुसरं अवसान. गुरुजी, मला आवाज ऐकू येईनासे झाले होते. मला पांझरेचा वारा लागत होता आणि तुमची नजर ओळीवरून माझ्याकडे येत होती, प्रत्येक वेळी, आणि प्रत्येक वेळी दाणा जागेवर होता. संपलं तेव्हा पुठ्ठा आणायला आबाच पळाले, म्हातारे असून. बंदा रुपया ठेवला असता तर सगळी भोकं त्याखाली झाकली गेली असती. आबांनी पुठ्ठा डोक्यावर धरला आणि अख्ख्या मैदानाला ऐकवलं, “मास्तर! बठ्ठ्या मझारमा! बठ्ठ्या मझारमा शेत!” धुळ्याचे फौजदारसुद्धा टाळ्या वाजवत होते. मी ते पिस्तूल खाली ठेवलं आणि मला रडू येईल की काय अशी भीती वाटून मी कैरीवरचा घाम पुसत बसलो.

बाकीची मंडळी जेवायला गेली तेव्हा मी एकटा नदीकडे गेलो. पाठशाळा होती तिथे आता रॉकेलची वखार आहे. मघाची धास्ती कशाची ते आता सांगतो. हात थांबायला शिकला, तर तो हलायचा विसरेल, अशी मला भीती होती. काळ्या वर्तुळासाठी मी तुमची ओसरी मोडून खातो आहे, असं वाटत होतं. म्हणून वखारीच्या मागे, जिथे कुणी नव्हतं, मी हात पुढे केला आणि मोठ्यानं म्हणायला लागलो. हात हलला. उदात्ताला वर, अनुदात्ताला खाली. सामना जिंकल्याचा आनंद मला सकाळी झाला होताच. पण दुपारी वखारीमागे झाला तो त्याहून मोठा होता. रॉकेलवाल्याचा माणूस बाहेर येऊन म्हणाला, “शास्त्रीबुवा, आज काय आहे?” मी म्हटलं, “काही नाही, हात पाहत होतो.”

हे पत्र तुम्हांला पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. शिसवीची ती टोपी दाखवणारी मूठ कपाटात आहे, तिच्याखाली ठेवतो. पाठवलं असतं तर तुमचं कार्ड आलं असतं, आणि त्यात क्षेमकुशलाच्या आधी लिहिलेलं असतं: ‘पुठ्ठा पाहिला. हात अजून लाकूडच आहे.’ चाचा म्हणतात माझी मूठ जिंकली, आबा म्हणतात आमचं रुमणं जिंकलं, घरच्या म्हणतात मी पाहिलं म्हणून, आणि मी सगळ्यांना हो म्हणतो. पण सामन्यानंतर सगळे मला चांगलं म्हणत असताना, गुरुजी, मी त्या गर्दीत तुमचं ते एक वाक्य ऐकू येईल म्हणून कान देऊन उभा होतो.